पंधरा मिनिटं, जेवणाआधी

सोळा वर्षांच्या सरकारी नोकरीत मला लोक पाठीमागे पुष्कळ काही म्हणाले असतील, पण शेळी कुणी म्हटलं नव्हतं. तो मान मला घरच्याच माणसाकडून मिळाला, आणि तोही एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या लेखी सल्ल्यावरून.

ही हकिगत मी मराठीत लिहितो आहे, त्याला कारण आहे. तंजावरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं सतरा आणि मराठी बोलणारी तोंडं साठेक, पण देवनागरी लिहिणारा मी एकटा. आमचे कृष्णस्वामी मामा थोडं वाचतात, पण एका ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत त्यांना डुलकी लागते. तेव्हा यात माझी जी काय शोभा होईल ती गल्लीत कुणाला कळायची नाही. तुम्हाला कळेल, पण तुम्ही लांब राहता.

मी व्यंकटरमण. आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. मामा अध्यक्ष. मंडळाचं ब्रीद 'घरांत मराठी', आणि ते मी कसोशीने पाळतो. ऑफिसात माझं सगळं तमिळमध्ये चालतं, बायकोशी भांडण तमिळमध्ये (तिला त्या भाषेत जास्त सुचतं, पण इलाज नाही), भाजीवाल्याशी तमिळ, देवाशी संस्कृत. मुलीशी मात्र मराठी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हरिता आमची पाच वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं. बोलत नाही. मी मराठीत सांगितलं की ती तमिळमध्ये उत्तर देते, आणि तेही शक्यतो मान हलवून भागत असेल तर मान हलवून. "कळतें, पण बोलत नाही," हे वाक्य आमच्या सतरा घरांत निदान पंधरा मुलांबद्दल ऐकू येतं. चिटणिसाच्या मुलीबद्दल ते ऐकू येणं बरं नव्हे, एवढंच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि हरिताचं पोट दुखायला लागलं. रोज संध्याकाळी. शेजारच्या कमलाक्षी अक्कांनी आधी दृष्ट काढली, मग एक काढा काढला. ओवा, कडुनिंब, सुंठ आणि एक मुळी, जिचं नाव अक्का सांगत नाहीत. हा काढा रोज पितळी टमलरात ओट्यावर येऊन पडायचा आणि तो पाजायचं काम माझ्याकडे होतं. "गप्प पी," असं म्हणून मी ते चोख करत असे. आठ दिवसांनी काढ्याचा रंग बदलला, पोट होतं तिथेच राहिलं. शेवटी शांभवी म्हणाली, "आतां डॉक्टरला दाखवूया. तुम्हींही चला." शांभवी कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने 'तुम्हींही' वर जरा जोर दिला होता, हे मला नंतर आठवलं.

डॉक्टर भुवनेश्वरींकडे मी तयारीने गेलो. एका कागदावर तक्ता आखून नेला होता: तारीख, दुखणं सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, शेरा. सुंदरी नर्सने हरिताचं वजन केलं, उंची मोजली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, तपासण्या पाहिल्या, सगळं व्यवस्थित होतं. मग त्यांनी माझा तक्ता हातात घेतला. मला वाटलं, शाबासकी देतील.

"सात पाच," त्या वाचू लागल्या. "सात दहा. सात सात. सात पाच. गुरुवारी काहीच नाही?"

"गुरुवारी मी ट्रेनिंगला तिरुच्चीला गेलो होतो. नोंद राहिली म्हणून नाही हं, शांभवीला विचारलं मी. दुखलंच नाही."

"आणि रविवारी चार वेळा."

"रविवारी मी घरीच असतो ना. चारही नोंदल्या."

"संध्याकाळी सात वाजता घरात काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मी येतो."

सुंदरी नर्स वजनकाट्याकडे बघत राहिली. शांभवी खिडकीबाहेर. मला एकट्यालाच अर्थ लागायला थोडा वेळ लागला, पण लागला.

डॉक्टरांनी मग हरिताला खुर्चीवर घेऊन विचारलं, "तू कुणाकुणाबरोबर खेळतेस गं?" हरिताने बोटं मोजली. अम्मा. कमलाक्षी अक्का. अक्कांची शेळी. इस्त्रीवाले नटराज. पुन्हा शेळी.

"आणि अप्पा?"

हरिताने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा खेळत नाहीत. अप्पा सांगतात."

मला वाईट वाटलं. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढे विनोदाच्या भरात राहून जाईल. ज्या पोरीला मी दोन्ही हातांवर झेलून इस्पितळातून घरी आणलं, तिच्या पोटात मी आल्यावर कळ उठते, हे सरकारी तक्त्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी ताप बघते, लस देते, तसं हेही बघते. मूल आणि आईबाप यांच्यात कसं चाललंय, हे प्रत्येक भेटीत विचारते. तुम्ही वाईट बाप नाही. तुम्ही तक्ता आणलात." आणि त्यांनी औषधाच्या कागदावर औषधासारखंच लिहून दिलं: खेळ. पंधरा मिनिटं. रोज एकदा, जेवणाआधी. वडिलांबरोबर. एक महिना. मागच्या बाजूला पथ्य होतं: खेळ मूल ठरवील. शिकवू नये. चूक काढू नये. प्रश्न विचारू नयेत. फोन लांब ठेवावा.

"याचे साइड इफेक्ट?" मी विचारलं. कोणत्याही औषधाचं विचारावं, असं माझं तत्त्व आहे.

"वडिलांना होतात थोडे," त्या म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर मी सवयीने तो कागद कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सरकवला. दुकानदाराने तो उजेडाकडे धरला, उलटा केला, चष्मा वर केला. "हे आमच्याकडे नाही सर," तो म्हणाला. "पंधराचं पाकीट तर कधीच आलं नाही. राजवाड्याजवळच्या दुकानात बघा." शांभवी रस्त्यावर उभी राहून एवढी हसली की हरिताही हसू लागली. मीही हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात हरिता थांबली.

आता अडचण वेळेची होती. माझं ऑफिस ओरत्तनाडूला, मोपेडवर जाऊन-येऊन दोन तास. घरी सात. सातला गृहपाठ, साडेसातला जेवण. उपचाराला जागाच नाही. म्हणून मी रोज अर्धा तास लवकर निघण्याची परवानगी मागणारा अर्ज केला आणि सोबत डॉक्टरांचा कागद जोडला. तो कागद आस्थापना विभागातल्या गणेशकुमारकडे गेला. गणेशकुमार हा मनुष्य कागदाला उत्तर देत नाही, तो कागदाला प्रश्न विचारतो. तीन दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता: "रोगी कोण? रोगी मुलगी असल्यास उपचार वडिलांना का? रोगी वडील असल्यास ते बालरोगतज्ज्ञांकडे का? खुलासा करावा."

मी खुलासा केला. तो मान्य झाला नाही. पुन्हा प्रश्न आला: "पंधरा मिनिटांच्या उपचारासाठी तीस मिनिटांची परवानगी का?" मी लिहिलं की उरलेली पंधरा मिनिटं हातपाय धुण्यात जातात. त्यावर "हातपाय धुणे उपचारात समाविष्ट आहे काय" असा प्रश्न आला. शेवटी मी पुन्हा डॉक्टर भुवनेश्वरींच्या दारात उभा राहिलो, आणि त्यांनी दाखला लिहून दिला की सदर इसमाने महिनाभर रोज पंधरा मिनिटं आपल्या मुलीच्या हाताखाली असणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. 'हाताखाली' हा शब्द ऑफिसला समजला. परवानगी मिळाली, पण 'प्रत्यक्ष पाहणीच्या अधीन राहून'. त्या ओळीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माणूस मंजुरीच्या आनंदात खालची ओळ वाचत नाही, हे मी स्वतः किती जणांना सुनावलं असेल.

एव्हाना गल्लीत बातमी फिरली होती की रमणाला डॉक्टरने खेळायला सांगितलं आहे. प्रत्येकाजवळ सल्ला होता. कमलाक्षी अक्का म्हणाल्या, खेळ ठीक आहे, पण काढा बंद करू नका. नटराज इस्त्रीवाल्याने मला पत्ते पिसायला शिकवण्याची तयारी दाखवली. मामा तर मंडळाची पहिली तातडीची बैठक बोलावणार होते, पण ती आमच्याच ओट्यावर काफी घेत उरकली.

"रमणा, माझें ऐक," मामा म्हणाले. "उगीच खेळायचें नाही. खेळतां खेळतां चार अक्षरें आंत सोडायचीं. पोरीला कळूं द्यायचें नाही. मंडळाचा दिवस महिन्यावर आला आहे. चिटणिसाची पोरगी मराठींत दोन वाक्यें बोलली, तर बाकीच्यांना तोंड राहील कां?"

"डॉक्टरांनी शिकवूं नये, असें लिहिलें आहे, मामा."

"डॉक्टर तमिळ आहे ना? मग तें तमिळला लागू," मामांनी निकाल दिला.

पहिला दिवस. पावणेसात. हरिता ओट्यावर बस चालवत होती. स्टीलच्या ताटाचं स्टीअरिंग, सायकलची सुटी घंटा, मागे दोन उशा म्हणजे प्रवासी. मी हातपाय धुऊन, वेष्टी नेसून तिसरा प्रवासी म्हणून बसलो.

"बस कुठे जाते?" मी विचारलं. हा प्रश्न झाला, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"ओरत्तनाडू," हरिता तमिळमध्ये म्हणाली. "पेरिय कोविलवरून. मग समुद्र." पेरिय कोविल म्हणजे आमचं मोठं देऊळ.

आता सांगा. मी त्या रस्त्याने सोळा वर्षं जातो आहे. ओरत्तनाडूला कालवा आहे, भातशेती आहे, मराठी राजांनी बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा आहे, आमचं ऑफिस आहे. समुद्र नाही. "ओरत्तनाडूला समुद्र नाही, हरिता," मी म्हणालो. "आणि पेरिय कोविलवरून गेलें, तर उलटें पडतें. बस स्टँडवरून दक्षिणेला वळायचें. दक्षिण कुठें? दाखव. हात दाखव बघू. तो डावा हात झाला."

हरिताने ताट खाली ठेवलं. घंटा ताटावर ठेवली. आणि पोटावर हात ठेवून आत गेली. उपचार चार मिनिटं चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. पण पंधराच मिनिटं व्हावीत, म्हणून मोबाइलला गजर लावून कनवटीला खोचला. बस सुटली, मी गप्प. दहा मिनिटं अगदी गप्प. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात फोन कनवटीतून घसरला, तो धरायला मी वाकलो, आणि मामांनी सकाळी माझ्या अंगवस्त्रात गुंडाळून दिलेली अक्षरांची लाकडी पाटी ओट्यावर आपटली. 'अ' वरून 'ज्ञ' पर्यंत सगळा माल उघडा पडला. हरिताने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पोटावर हात.

आत शांभवी पेपर तपासत होती. ती वर न बघता म्हणाली, "त्या बिचाऱ्या अक्षरांनाही बसमध्यें कोंबलांत कां?"

"मामांनी दिलीं."

"मामांचें पोट दुखतें कां?"

मी त्या संध्याकाळी ओट्यावर एकटाच बसून राहिलो. सोळा वर्षं फायली निकाली काढणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या मुलीशेजारी पाव तास गप्प बसता येत नाही, ही गोष्ट फार खाली बसवणारी आहे. तिसऱ्या दिवशी मी पाटी मामांना परत केली, फोन शांभवीकडे दिला, आणि ओट्याच्या पायरीवर, ओट्यावर नव्हे, पायरीवर जाऊन बसलो. हरिताने बराच वेळ माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मग अक्कांची शेळी कुठे दिसेना, म्हणून तिची अडचण झाली असावी. ती आली, माझ्या गळ्यात अंगवस्त्र अडकवलं आणि मला ओट्याच्या खांबाला बांधलं.

"आडु," ती म्हणाली. म्हणजे शेळी. नेमणूक जागच्या जागी, अर्ज न घेता.

शेळी बोलत नाही, हा शेळीच्या नोकरीतला मोठा फायदा आहे. मला काही चुकीचं सांगताच येईना. हरिताने शेवग्याच्या पाल्याची डहाळी माझ्यापुढे धरली. मी आधी तोंड फिरवलं, मग पथ्य आठवलं आणि तोंडात धरली. ती खुदकन हसली. मी "मॅऽऽ" केलं. ती आणखी हसली. माझ्या आवाजावर हसलेली हरिता मी किती महिन्यांनी बघत होतो, देव जाणे. मी पुन्हा "मॅऽऽ" केलं, जरा जास्तच जीव तोडून. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल थांबली.

गणेशकुमार. प्रत्यक्ष पाहणी.

तो ओट्यासमोर येऊन उभा राहिला. मी गळ्यात अंगवस्त्र, तोंडात शेवगा, चारी पायांवर. उठावं, तर खेळ मोडतो. बोलावं, तर शेळी बोलत नाही. मी डोळ्यांनी नमस्कार केला. हरिताने गणेशकुमारलाही एक डहाळी दिली आणि तमिळमध्ये सांगितलं, "चारू शकता. चावत नाही." त्याने माझ्यापुढे ती डहाळी धरली. मी खाल्ली. वरिष्ठांच्या हातून मी आजवर पुष्कळ काही खाल्लं आहे, पण पाला पहिल्यांदाच.

त्याचा अहवाल मी नंतर पाहिला: "सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी अर्जदार बांधलेल्या अवस्थेत आढळले. उपचार चालू आहे." ऑफिसात आठवडाभर मी खोलीत शिरलो की कुणीतरी खोकून "मॅऽऽ" करायचं. माझा कणा ताठ राहिला, असं मी म्हणणार नाही. पण तक्त्यात त्या दिवशी शेरा आहे: पावणेसात ते सात, दुखणे नाही.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी ही गोष्ट मंडळाच्या स्मरणिकेत उपदेशपर छापली असती. पण शेळीचं काम पावणेसात ते सात. सातला अंगवस्त्र सुटलं की मी पुन्हा अप्पा व्हायचो, आणि गृहपाठाच्या वेळी पोट दुखायचंच. मला वाटत होतं, मी सुधारलो. मी फक्त पाव तास शेळी झालो होतो.

दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी, मामा मंडळाच्या दोन सभासदांना घेऊन आले. मंडळाच्या दिवसाचा कार्यक्रम ठरवायचा होता. मी ओट्यावर खुर्च्या मांडल्या. पावणेसात झाले होते. "मामा, माझीं पंधरा मिनिटें आहेत," मी चाचरत म्हणालो.

"कर की. आम्हीं बघतों," मामा पाय पसरून म्हणाले. "शेळी होणार कां?"

पण हरिता आज बस घेऊन आली नाही, अंगवस्त्रही नाही. ती आतून माझं हेल्मेट घालून आली. हेल्मेटमध्ये ती खांद्यांपर्यंत बुडालेली. बगलेत माझी ऑफिसची बॅग. तिने मला बोटाने खुणावून खाली बसवलं. "तू हरिता," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी अप्पा." मग तिने तोंडाने मोपेड गल्लीतून आणली, स्टँडला लावली, पायऱ्या चढली. आणि हेल्मेटच्या आतून आवाज आला. मराठीत.

"हरिता! पाय धुतलीस कां? पुस्तक काढ. असें नाही. नीट बैस. कितीदां सांगायचें? इकडे तिकडे बघूं नको. लिही. तें पूस. पुन्हां लिही."

मामांच्या हातातली काफी टमलरखालच्या डबऱ्यात सांडली. "अरे!" ते ओरडले. "रमणा! पोरगी मराठी बोलते!"

"काय स्पष्ट!" दुसरे सभासद म्हणाले. "एक तमिळ शब्द नाही!"

"हात दाखव. हा डावा हात झाला. रडूं नको. गप्प," हेल्मेट म्हणालं.

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मामांचे डोळे भरून आले होते. "शाबास, रमणा! घरांत मराठी म्हणतात तें हें! मंडळाच्या दिवशीं हिला हेंच बोलायला लावायचें. हेल्मेटसकट!"

टाळ्या चालू होत्या, आणि मी मांडी घालून खाली बसलो होतो. तिला मराठी येत होतं. सगळं येत होतं. जेवढं मी दिलं होतं तेवढं सगळं, एकही शब्द न गाळता. काढ, बैस, लिही, पूस, गप्प. साडेतीनशे वर्षं आमच्या लोकांनी या गावात जपलेली भाषा मी माझ्या मुलीला दिली होती, ती अशी. गोष्ट सांगायला, हसायला, रुसायला, झोपताना पाठ खाजवून मागायला तिच्याजवळ तमिळ होतं. मराठी होतं ते घाबरायला.

पण पथ्य म्हणजे पथ्य. मी हरिता होतो. हरिता अप्पांना रोज काय विचारायची ते मला ठाऊक होतं. जूनच्या आधी ती रोज विचारायची, नंतर तिने विचारणं सोडलं. मी मान वर करून तिच्यासारखं विचारलं, "अप्पा, खेळायला येतां कां?"

हेल्मेट माझ्याकडे वळलंही नाही. ते बॅगेतले कागद काढत होतं. "उद्यां," ते म्हणालं.

ते एका दमात आलं, विचार न करता. मीही ते तसंच म्हणत असे.

आता पुढे हरिता काय करायची? मी खरोखर शोधलं. पाच वर्षांच्या माणसाकडे यापुढे करण्यासारखं एकच असतं. मी पोटावर हात ठेवला. "अप्पा," मी म्हणालो, "माझें पोट दुखतें."

टाळ्या थांबल्या होत्या. मामा काही बोलणार होते, पण दारात उभ्या असलेल्या शांभवीने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी डबऱ्यातली काफी तोंडाला लावली. मग ओट्याच्या कडेला रोजच्या जागी झाकून ठेवलेला अक्कांचा पितळी टमलर उचलून हेल्मेट माझ्यापुढे आलं.

"गप्प पी," हरिता म्हणाली.

मी प्यालो. महिनाभर तो काढा मी तिच्या तोंडाला लावत होतो, स्वतः थेंब चाखला नव्हता. तो कडू नव्हता. कडूला निदान एक बाजू असते. जीभ, घसा, कान, सगळीकडे तो एकदम पसरला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काढ्याने आलं, असं मी सभासदांना सांगितलं. टमलर रिकामा करून मी खाली ठेवला आणि माझं तोंड जे काय वाकडं झालं असेल, ते बघून हरिताने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. ती धावत आत गेली आणि मूठभर साखर घेऊन आली. अर्धी वाटेत सांडली. उरलेली तिने माझ्या तोंडात कोंबली, आणि माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, "आतां बरें कां?"

मराठीत. हे वाक्य माझं नव्हतं. मी काढा पाजून उठून गेलो की मागे शांभवी गुपचूप साखर देत असणार आणि हे विचारत असणार. घरात इतकं चालतं आणि तक्ता ठेवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

"बरें," मी म्हणालो.

मामांनी मंडळाच्या दिवसासाठी फार धरलं. हेल्मेटवाला प्रवेश हवाच, म्हणाले. आधीच्या वर्षी मुलांनी नुसते श्लोक म्हणून लोकांना झोपवलं होतं. मी नको म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. चिटणिसाने अध्यक्षांना नाही म्हणण्याची आमच्या मंडळात पद्धत नाही. शेवटी मी म्हणालो, "तें तिचें मराठी नाही, मामा. माझें आहे. मला उभा करा." यावर मामा चिडून काफी न पिता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिऊन गेले. कमलाक्षी अक्कांना मी सांगून टाकलं की काढा बंद. त्यांनी तीन दिवस शेळी आमच्याकडे फिरकू दिली नाही.

सोमवारी ऑफिसातून निघालो, तेव्हा मला मोपेड चालवावीशी वाटेना. गल्लीच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं. हा आवाज आला की पोट दुखतं, हे मला तक्त्यावरून पाठ होतं, म्हणून मी गाडी ढकलत आणली. गृहपाठ आज शांभवी बघणार होती, तसं आम्ही ठरवलं होतं. ओट्यावर हरिता ताट फिरवत होती. मागे दोन उशा. मी मोपेड भिंतीला टेकवली आणि पायरीपाशी उभा राहिलो.

तिने मला पाहिलं. माझी नजर तिच्या हातावर. तो ताटावरून सुटला, वर आला, पोटाजवळून गेला आणि घंटेवर पडला. ट्रिंग. बस थांबली.

मी पुढच्या उशीशेजारी बसलो. पथ्यात प्रश्न विचारू नयेत असं आहे, तिकीट मागू नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी हात पुढे केला. "एक ओरत्तनाडू," मी म्हणालो. "समुद्रापाशी उतरतों."

तिने मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं, मी थट्टा करतो आहे की काय ते. मग माझ्या पायांकडे बघितलं.

"चपला काढा," ती मराठीत म्हणाली. "भिजतील."

मी काढल्या.